सातव्या टाकीतलं तेल

"विज्ञान 'कसं' ते सांगतं आणि धर्म 'का' ते सांगतो." हे वाक्य यापुढे मला जो कोणी ऐकवेल, त्याला मी हाताला धरून लोणारच्या सरोवरावर नेणार आहे आणि तिथल्या काळ्या चिखलात बसवून एकटी परत येणार आहे. गेल्या वर्षभरात ते मला दोन मंत्र्यांनी, एका बिशपांनी, माझ्या दातांच्या डॉक्टरनं आणि विमानात शेजारी बसलेल्या एका टाइल्सच्या व्यापाऱ्यानं ऐकवलं. प्रत्येकाचा आविर्भाव असा, की हे त्याला आत्ताच सुचलंय. मी प्रत्येक वेळी मान हलवली. आता नाही हलवणार.

माझं नाव हेफ्सिबा अमोलिक. नाव पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, कारण वडील पाळक. रेव्हरंड नथानिएल अमोलिक. जालन्याच्या अलीकडे धानोरा मिशन म्हणून गाव आहे, तिथल्या मंडळीचे ते चाळीस वर्षं पाळक होते. आता निवृत्त आहेत, पण नव्या पाळकाची नेमणूक रखडली की रविवारचा उपदेश अजून त्यांच्याच गळ्यात येतो. मी नववीत असताना त्यांना विचारलं होतं, "पप्पा, देवानं जग घडवताना सूर्य चौथ्या दिवशी केला, तर आधीचे तीन दिवस मोजले कशानं?" ते म्हणाले, "चांगला प्रश्न आहे, हेफू. मला माहीत नाही." झालं! इतकंच. तेव्हापासून तेहतीस वर्षं आमचं भांडण चालू आहे, कारण 'माहीत नाही' हे उत्तर त्यांना चालतं आणि मला चालत नाही.

म्हणून मी ते शोधायला गेले. लोणारला आमची प्रयोगशाळा आहे आणि तिथं नऊ वर्षं मी एकच गोष्ट पाहत होते: निर्जीव रसायनांतून जीव आपोआप सुरू होतो का? लोणारच का, तर त्या पाण्यात सोडा आहे. चारशे कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवर अशी तळी असावीत असा आमचा कयास होता. उन्हानं आटायची, पावसानं भरायची, आटताना पाण्यातली रसायनं दाट होऊन एकमेकांना चिकटायची. आम्ही अशी बारा तळी स्टीलची केली. एकेक टाकी जेवणाच्या डब्याएवढी. यंत्र त्यांना तापवतं, आटवतं, पुन्हा भिजवतं. चाळीस मिनिटांत एक दिवस उरकतं. होता होता लहान रेणूंच्या लांब साखळ्या होतात आणि त्यांतल्या काहींना स्वतःची नक्कल काढायची खोड लागते.

पण नुसती साखळी म्हणजे जीव नव्हे. पाण्यात ती भरकटते, तिनं कमावलेलं तिच्यापाशी राहत नाही. तिला घर लागतं, एक बारीकशी पिशवी. आता ही पिशवी कशाची? तेल आणि सोडा एकत्र आले की साबण होतो हे धानोऱ्यातल्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. त्या साबणाचा पातळ पापुद्रा पाण्यात आपसूक मिटतो आणि आत पोकळ अशी गोळी होते. साखळी तिच्यात अडकली, गोळी फुगली, तिच्या दोन झाल्या, दोन्हींत साखळी गेली, की पुढचं आपोआप होतं. जी जास्त टिकते तिची वंशवेल वाढते. एवढं जमलं तर आम्ही त्याला जीव म्हणणार होतो.

अट एकच होती. जीव सुरू करायला आधीच्या जीवाची कसलीही मदत घ्यायची नाही. म्हणून पिशवीसाठी लागणारी, तेलात असतात तसली आम्लं आम्ही कुठल्या झाडापासून घेतली नाहीत. दगड आणि वायू भट्टीत तापवून तयार केली. साडेआठ वर्षं त्या पिशव्या तासाभरात फुटत राहिल्या. मग २०४१च्या मार्चमध्ये, बारापैकी फक्त सातव्या टाकीत त्या टिकल्या. वाढल्या, दुभंगल्या, परत वाढल्या. मी त्या पडद्यासमोर उभी राहून इतकी मोठ्यानं ओरडले की वॉचमन काठी घेऊन आत आला.

सप्टेंबरपर्यंत शोधनिबंध एका नियतकालिकानं स्वीकारला. एक डिसेंबरला मुंबईत जाहीर करायचं ठरलं आणि तेव्हापासून सगळ्यांनी मिळून माझं डोकं खाल्लं. आमचे संचालक डॉ. नानिवडेकर यांनी भाषणाचं शीर्षक ठरवलं होतं, 'निर्मात्याची गरज संपली'. मी म्हटलं, "सर, आपण पिशव्या केल्यात." ते म्हणाले, "तू घरच्यांना घाबरतेस." तिकडे धानोरा मिशनच्या पंच कमिटीचे सेक्रेटरी विल्सनकाका त्रिभुवन पप्पांच्या मागे लागले होते, की हंगामाच्या सणाच्या उपासनेत त्यांनी व्यासपीठावरून मुलीचा निषेध करावा. पप्पा म्हणाले, "विल्सन, तिनं काय केलंय ते आधी मला समजू दे, मग निषेध करतो." काका महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. तो एक महिना बरा गेला.

जाहीर करायला तीन आठवडे उरले असताना मी दोन दिवसांसाठी घरी गेले. आई जाऊन सहा वर्षं झाली, स्वयंपाक पप्पाच करतात. भाकरी आणि मटकीची उसळ घेऊन बसलो होतो. मी म्हटलं, "सातवीच का, ते काही केल्या कळत नाही. बाराही टाक्यांत एकच माल आहे."

पप्पांनी उसळ वाढता वाढता सहज म्हटलं, "सातवीलाच मी तेल घातलं होतं."

"कसलं तेल?"

"समर्पणाचं. तू नाही का यंदा फेब्रुवारीत यंत्र दाखवायला नेलं होतंस? तू फोनवर बाहेर गेलीस, तेव्हा मी प्रार्थना केली."

हे सांगायला हवं. आमच्या मंडळीत कुणी नवी वस्तू घेतली की पाळकाला बोलावून ती देवाला समर्पण करतात. घर, ट्रॅक्टर, बोअरवेल, शिवणयंत्र, काहीही. पप्पा त्या वेळी खिशातल्या बाटलीतलं तेल लावतात, आजाऱ्याच्या कपाळाला लावतात तेच. बायबलात याकोबानं देवासाठी दगडावर तेल ओतलं होतं ना, तसं. ही बाटली मी लहानपणापासून पाहत आलेय. आणि तरीही त्यांना यंत्राजवळ एकटं सोडून मी फोनवर गेले. चूक माझीच.

"घातलं म्हणजे? वरून लावलं?"

"झाकणं उघडी होती. आत घातलं थोडंसं. एक टोपणभर."

"ऑलिव्ह तेल?"

"ते इकडे कुठं मिळतं गं? खोबरेल. बोराशेठच्या दुकानातलं."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. सगळं एका क्षणात जागेवर बसलं आणि मला ते अजिबात बसायला नको होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही टाक्या वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केल्या होत्या. वाफेनं जंतू मरतात, तेल कुठं जातंय! नंतरच्या तपासणीत आम्ही जंतू शोधले, ते नव्हतेच. तेलाची आम्लं दिसली, पण ती आमच्या भट्टीतलीही होतीच, कुणाला शंका येणार? त्यात खोबरेलात नेमकी आखूड आम्लं भरपूर असतात, पिशवीला लागतात तशी. वर ते सोड्यात अर्धवट तुटलं की असा एक पदार्थ उरतो, जो पिशवीला फुटू देत नाही. आमच्या भट्टीला तो साडेआठ वर्षांत एकदाही जमला नव्हता. नारळाच्या झाडाला जमतो. आणि नारळाचं झाड जिवंत असतं.

"पप्पा," मी म्हणाले, "तुम्ही माझ्या नऊ वर्षांच्या कामात खोबरेल तेल ओतलंत!" आणि मग मी जे काही बोलले ते लिहीत नाही. शेजारच्या बेबीमावशी खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या एवढं सांगते. पप्पांना आधी कळेना. मग समजावून सांगितल्यावर कळलं आणि त्यांनी वाढायची पळी खाली ठेवली.

"म्हणजे ते आपोआप झालं नाही?"

"नाही! तुमच्या तेलानं झालं. 'जीवाची मदत न घेता' हे निबंधाच्या पहिल्या ओळीत लिहिलंय मी. पहिल्या ओळीत!" मला रडू येत होतं आणि त्याचाही संताप येत होता. "आणि सातवीच का? बारा होत्या ना?"

ते खाली बघत म्हणाले, "देवानं सहा दिवस काम केलं, सातवा दिवस विसाव्याचा. तू इतकी वर्षं एक दिवस सुट्टी घेतली नाहीस. म्हटलं, तुला विसावा मिळावा."

मी ताट उचलून मोरीत ठेवलं आणि लोणारला निघाले.

नानिवडेकर सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. "तळटीप टाकू," ते म्हणाले.

"सर, दावाच खोटा ठरतोय."

"पुरावा काय? एका म्हाताऱ्या पाद्र्याची आठवण?"

"ते खोटं बोलत नाहीत."

"हे बघ हेफ्सिबा, आयुष्यभर मी ज्या लोकांशी भांडलो, त्यांच्या तेलावरून मी माघार घेणार नाही." म्हणजे प्रश्न टाकीचा नव्हताच. सरांना त्यांचं भांडण जिंकायचं होतं. मी म्हटलं, प्रयोग करून पाहते. ते म्हणाले, पंचवीस तारखेपर्यंत काय ते कर, नंतर तोंड बंद.

प्रयोग सोपा होता. उरलेल्या अकरा टाक्यांत साखळ्या होत्याच, फक्त पिशव्या टिकत नव्हत्या. पाचव्या टाकीत एक टोपण खोबरेल घालायचं. तिसरीत काही घालायचं नाही. तेलाचा प्रताप असेल तर आठ-दहा दिवसांत दिसेल. तेलाशिवाय तिसरीतही जीव आला, तर माझा निबंध वाचला.

एवढ्यात विल्सनकाकांचा फोन. पप्पांनी बुधवारच्या प्रार्थनासभेत सगळं सांगून टाकलं होतं. त्यांना गुपित म्हणजे काय ते कळतच नाही. आणि इतके दिवस माझा निषेध मागणारे काका आता आनंदानं फुटत होते. "सलाम, हेफ्सिबाबाई! अभिषेक केलेल्या एकाच टाकीत जीव आला! अहो, एवढी मोठी साक्ष! आपण हंगामाच्या सणाला फलक लावतोय."

"काका, तो तेलातल्या आम्लांचा परिणाम आहे."

"तेल तर निमित्त. प्रार्थनेचं सामर्थ्य आहे ते."

"बरं," मी दात खाऊन म्हणाले, "मग तिसऱ्या टाकीवर पप्पांना नुसती प्रार्थना करू दे. तेल नाही. आणि पाचवीत नुसतं तेल, प्रार्थना नाही. बघू."

फोन ठेवला आणि लक्षात आलं की मी हे काय बोलून बसले! आयुष्यात कधी प्रार्थना हा प्रयोगाचा घटक धरावा लागेल असं वाटलं नव्हतं. पप्पांनाही ते रुचलं नाही. "देवाची परीक्षा घेऊ नये, हेफू." मग दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन, "येतो मी. पण विल्सनसाठी नाही."

मग पप्पा नऊ दिवस रोज आले. सकाळची एसटी पकडून दोन तास, संध्याकाळी परत दोन तास, वय एकोणऐंशी. काचेपलीकडे तिसऱ्या टाकीसमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचे, डोळे मिटून, ओठ हलत. मला ते बघवत नव्हतं. मला वाटत होतं, यांना जिंकायचंय. तेहतीस वर्षांचं भांडण यांना एका डब्यावर संपवायचंय. मी पाचव्या टाकीपाशी आकडे नोंदवताना मुद्दाम आपटाआपट करत होते. एक सेन्सर सारखा बंद पडत होता, त्याला मी शिव्याही घातल्या.

आठव्या दिवशी दुपारी पाचव्या टाकीतल्या पिशव्या दुभंगल्या. नवव्या दिवशी त्यांची संख्या चौपट झाली. तिसरी टाकी होती तशीच, नुसतं गढूळ पाणी. मी काचेवर टकटक केली आणि पप्पांना खुणेनंच सांगितलं: पाच, हो. तीन, नाही. त्यांचा चेहरा असा पडला की मला मान फिरवावी लागली. आयुष्यभर मला हा माणूस एकदा तरी वादात हरायला हवा होता. हरला तेव्हा ते मला सोसेना. आणि गंमत म्हणजे मीही हरलेच होते. पाचवी जगली म्हणजे तेल लागतं. माझी पहिली ओळ खोटी.

निबंध मागे घेण्याची मेल मी त्याच दिवशी लिहिली, संपादकांना, सरांना प्रत. पाठवली नाही. सरांचे दोन मेसेज येऊन पडले होते, 'तळटीप पुरेशी आहे. घाई नको.' खरं सांगते, मलाही ते पटायला लागलं होतं. नऊ वर्षं म्हणजे काय पोरखेळ आहे?

रविवारी हंगामाचा सण होता. आमच्याकडे पहिल्या पिकातलं काढून देवळात आणतात. वेदीसमोर ज्वारीची कणसं, ऊस, भोपळे, मेथीच्या जुड्या, एक कोंबडा पाय बांधून ठेवलेला आणि तो मधूनच ओरडतोय. या सगळ्याच्या वर फलक, 'अभिषेकाने जीव आला! पाळकसाहेबांची साक्ष'. मी मागच्या बाकावर बसले आणि वाटलं, उठून निघून जावं.

पप्पा उभे राहिले. फलकाकडे एकदा बघितलं.

"बंधूंनो, बहिणींनो, मी तिसऱ्या टाकीजवळ बसून नऊ दिवस प्रार्थना केली. अगदी मनापासून. तिच्यात तेल नव्हतं. काहीही झालं नाही. पाचव्या टाकीत माझ्या मुलीनं बोराशेठच्या दुकानातलं खोबरेल घातलं. प्रार्थना केली नाही. उलट ती शिव्या देत होती, मला काचेतूनही ऐकू येत होतं. त्या टाकीत जीव आला. तेव्हा हा फलक काढा. देवाच्या घरात खोटं लावू नये."

अख्खी मंडळी वळून माझ्याकडे बघायला लागली. कोंबडासुद्धा. विल्सनकाका उठले, लालबुंद. "पाळकसाहेब, विश्वास कमी पडला असेल."

"असेलही," पप्पा म्हणाले. "पण तेल कमी पडलं, हे नक्की आहे."

मग त्यांनी गीताचा क्रमांक सांगितला आणि मंडळी गायला उठली. काका एकटेच बसून होते.

नंतर जेवणाच्या पंगती बसायच्या होत्या. देवळामागच्या ओट्यावर पप्पा एकटे बसले होते, मांडीवर कुणीतरी दिलेला भोपळा. मी शेजारी बसले.

"एवढं सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती? आता पंच तुम्हाला उपदेशाला बोलवायचे नाहीत."

"नाही बोलवणार."

"मग?"

"मग काय? खरं तेच होतं ना." त्यांनी भोपळा बाजूला ठेवला.

मला राहवेना. "पप्पा, नऊ दिवस तिथं बसून देवाकडे काय मागत होता?"

"ते माझं नि त्याचं आहे."

"टाकी माझी होती."

त्यांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. मग म्हणाले, "तिसऱ्या टाकीत तेल नव्हतं. तिच्यात जीव आला असता, तर तेल लागत नाही असं ठरलं असतं ना?"

"हो."

"मग तुझी ती पहिली ओळ खरी ठरली असती."

मी वळून नीट त्यांच्यासमोर बसले.

"तेच मागत होतो. म्हटलं, माझ्या हातून पोरीचं काम नासलं. तेवढं भरून काढ."

"म्हणजे जीव आपोआप सुरू होतो, हे सिद्ध व्हावं म्हणून तुम्ही... देवाकडे? पप्पा, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय मागत होता?"

"न कळायला काय झालं? चाळीस वर्षं पाळक आहे मी," ते चिडून म्हणाले. "पण तुझी नऊ वर्षं होती, हेफू."

मला रडू फुटलं. पदर नाही, रुमाल नाही, त्यांच्याच उपरण्याला नाक पुसलं. आणि तसाच फोन काढला, ती मेल उघडली. खाली प्रयोगाचा तक्ता जोडलेला होता. तिसऱ्या टाकीपुढे मी एक नोंद घातली: 'तेल नाही. नऊ दिवस प्रार्थना. मागणी: लेखिकेचा दावा खरा ठरावा. परिणाम: नाही.' आणि मेल पाठवून दिली. सर वाचतील तेव्हा त्यांचा चेहरा कसा होईल, हा विचार मनात आला आणि थोडं बरं वाटलं.

"पाठवलंस?"

"पाठवलं."

"आता काय करणार?"

"आता नारळाशिवाय भट्टीत तसलं तेल होतं का, ते बघायचं. परत पहिल्यापासून."

"होईल?"

तोंडापर्यंत 'होईलच' आलं होतं. मी ते गिळलं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच. पप्पा गालातल्या गालात हसले आणि मला त्यांचा परत राग आला.